दीडशेच्या आत

येळवशीच्या दिवशी शांत राहा, असं डॉक्टरांनी हणमंतप्पांना सांगितलं, तेव्हाच डॉक्टर या भागात नवे आहेत हे दवाखान्यातल्या बाकड्यांनासुद्धा कळलं.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. उमरगा-मुरुम पट्ट्यात दिवाळी येते आणि जाते. येळवस मात्र अंगावर येते. त्या दिवशी कलेक्टरसाहेब सुट्टी देतात, कारण दिली नाही तरी कामावर कोणी येणार नसतं. दुकानं बंद, गल्ल्या ओस. गावात उरतात ती कुत्री, आणि त्यांतलीही जी हुशार असतात ती शेतात जातात. शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप बांधायची, आत पाच पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, पूजा करायची आणि जेवायचं. म्हणजे स्वतः नव्हे. स्वतः कोणीही जेवतं. दुसऱ्याला जेवू घालायचं. बांधावरून जाणारा माणूस उपाशी पुढं गेला तर घराण्याची नाचक्की. त्यातून ज्याला स्वतःचं शेत नाही असा माणूस, मास्तर म्हणा, बँकेचा साहेब म्हणा, डॉक्टर म्हणा, सापडला की त्याच्यासाठी अशी ओढाओढ होते की पाहुण्याचा सदरा एका कोपीत आणि पाहुणा दुसऱ्या कोपीत राहावा.

अशा दिवशी शांत राहायचं.

"वरचा आकडा दीडशेच्या आत पाहिजे," डॉक्टर महांतेश म्हणाले. हुबळीचा माणूस, उमरग्यात येऊन सहा महिने झालेले, मराठी जपून बोलायचे. "शनिवारी सकाळी तुमचा डोळा करू. पण दीडशेच्या वर गेलं तर मी टेबलावर घेणार नाही. मग पुढची तारीख शिवरात्रीनंतर."

शनिवार म्हणजे येळवशीचा दुसरा दिवस.

शिवरात्र हा शब्द हणमंतप्पांच्या काळजात रुतला. त्याचं कारण एक किल्ली होती. एकतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली, उमरगा डेपोत, विनाअपघात सेवेचा बिल्ला छातीवर लावून. निवृत्तीनंतर एक जुनी लुना घेतली आणि रोज सकाळी मुरुमपासून तीन किलोमीटरवरच्या शेतावर जाऊ लागले. दसऱ्याच्या आठवड्यात ती लुना शेजारच्या उत्तरेश्वररावांच्या कडब्याच्या गंजीत हेडलाइटपर्यंत घुसली. हणमंतप्पांचं म्हणणं, तिथं रस्ता होता. उत्तरेश्वरराव गंजीसमोरच बसले होते, पण त्यांची साक्ष उपयोगाची नव्हती, कारण त्यांना वाटलं की म्हैस आली. त्यांनाही मोतीबिंदूच होता.

त्या दिवशी मुलानं, श्रीशैलनं, किल्ली काढून आपल्या खिशात टाकली. "डोळा झाला की किल्ली," तो म्हणाला. तेव्हापासून हणमंतप्पा मुलाच्या गाडीवर मागं बसून शेतात जात. चाळीस-चाळीस माणसांना मागं बसवून नेलेला माणूस आता स्वतः मागं. प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय हवेतच ब्रेक दाबायचा. शेतावर पोचेपर्यंत पोटरी भरून यायची.

तर दीडशेच्या आत राहिलं की डोळा, आणि डोळा झाला की किल्ली. मधे फक्त येळवस होती.

*

घरच्यांनी ही जबाबदारी फार मनावर घेतली. सून शिवांजली, माहेर तेरचं, नोकरी पुण्याच्या कंपनीत, सणासाठी लॅपटॉपसकट पंधरा दिवस आलेली. तिच्या कंपनीनं मन शांत ठेवण्याचा एक कोर्स सगळ्यांना सक्तीचा केला होता.

"मामा, सणाचा ताण का येतो?" तिनं आदल्या दिवशी त्यांना समोर बसवून विचारलं. "कारण आपण असतो एका जागी आणि मनानं दहा जागी. आत्ता जिथं आहोत तिथंच राहायचं. श्वासाकडं लक्ष द्यायचं."

"म्या एकतीस वर्षं स्टेरिंगवर होतो तिथंच होतो, पोरी," हणमंतप्पा म्हणाले. "दहा जागी असतो तर नळदुर्गच्या घाटात दहा तुकडे झाले असते."

"तेच ते, मामा! तुम्हाला येतंच सगळं." असं म्हणून तिनं त्यांच्या मनगटाला एक काळं घड्याळ बांधलं. त्यावर बरंच काही उमटत असे, पण हणमंतप्पांना त्यात धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. "हे मधून मधून थरथरेल. थरथरलं की दीर्घ श्वास घ्यायचा आणि शांत बसायचं."

"अन् ते कशापायी थरथरतंय?"

"तुमची काळजी घेतंय."

घरात आणखी एकाची भर पडली, असं मनात म्हणून हणमंतप्पांनी हात खाली घेतला.

तिच्या सासूबाईंनी, म्हणजे हणमंतप्पांच्या बायकोनं, प्रेमाबाईंनी वेगळाच कायदा केला. त्यांच्या मते बीपी वाढतं ते वाईट बातमीनं. म्हणून येळवस पार पडेपर्यंत अप्पांना एकही वाईट बातमी सांगायची नाही. काहीही विचारलं तरी एकच उत्तर, सगळं मस्त चाललंय.

आता एकतीस वर्षं इंजिन ऐकलेल्या माणसाला सगळं मस्त चाललंय हे सांगावं लागत नाही. आणि ज्या अर्थी ते सांगावं लागतंय त्या अर्थी कुठंतरी नट ढिला आहे, हेही त्याला कळतं. येळवशीच्या सकाळी सातपासून हणमंतप्पा घरात या दारातून त्या दारात फिरत होते. चुलीवर भज्जी रटरटत होती. ही भज्जी म्हणजे तेलातली नव्हे; ओला हरभरा, तूर, वाटाणा, वाल, पालक, चिंच, बेसन असं रानात असेल नसेल ते सगळं एका पातेल्यात. बाजरीचे उंडे, म्हणजे पिठाचे वाफवलेले गोळे, झाले होते. गव्हाची खीर झाली होती. तरी प्रेमाबाई आणि श्रीशैल मोरीपाशी उभे राहून कुजबुजत होते.

"काय झालं?"

"काही न्हाई अप्पा. सगळं मस्त."

"मग कुजबुज कशाची?"

"मस्त चाललंय, तेच बोलत हुतो."

आठ वाजता सगळे जीपमध्ये बसले. आंबिलीचं मडकं घोंगडीत गुंडाळून हणमंतप्पांच्या पायाशी ठेवलं होतं. ताकात ज्वारीचं पीठ शिजवून आदल्या दिवशी आंबायला ठेवलेली आंबील. ती शेतात शिंपडल्याशिवाय येळवस होत नाही. पहिल्याच खड्ड्याला खट्‌ असा आवाज आला. हणमंतप्पांना आपल्या डाव्या पायाला काहीतरी गार लागलं. मग उजव्या. मग जीपमध्ये जिरं-लसणाचा वास पसरला. त्यांनी मान वळवून बायकोकडं पाहिलं.

"मडकं?"

प्रेमाबाई समोर बघत म्हणाल्या, "बेस हाय की."

चपला आंबिलीत बुडल्या होत्या आणि सगळं मस्त चाललं होतं. तेवढ्यात मनगट थरथरलं.

"मामा, श्वास!" शिवांजली मागून म्हणाली.

हणमंतप्पांनी श्वास घेतला. नाकात आंबीलच गेली.

*

शेतात पोचल्यावर त्यांना लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवण्यात आलं. दरवर्षी कोप तेच बांधत. यंदा श्रीशैलनं बांधली होती, आणि ती अशी उभी होती की पाच पांडवांपैकी निदान भीमानं तरी बाहेर बसावं. हणमंतप्पा उठले.

"अप्पा, बसा."

"ती डावी पेंढी..."

"बसा की! सगळं मस्त हाय."

पूजेला ते अर्धं मिनिट उठले, तेवढ्यात शिवांजलीनं खुर्चीच कोपीपाशी आणली आणि त्यांना बसूनच नमस्कार करायला लावला. मडक्याच्या खापरात वाटीभर आंबील राहिली होती, तीच श्रीशैलनं गव्हात शिंपडली, फार हिशेबानं, औषध मारल्यासारखी. अप्पांना कळू नये म्हणून तो पाठ करून उभा होता.

अकरा वाजता बीपीचं यंत्र निघालं. एकशे अठ्ठावन्न.

"कमी आहे," शिवांजली म्हणाली.

"कशापरीस?"

पंधरा मिनिटांनी पुन्हा घेतलं. एकशे चौसष्ट. दंडाला पट्टा आवळला की हणमंतप्पांना शिवरात्र दिसायची, शिवरात्र दिसली की आकडा चढायचा, आणि आकडा चढला की घरचे अजून जवळ येऊन म्हणायचे, शांत व्हा. बारापर्यंत तिघं त्यांच्याभोवती उभे होते आणि तिघंही शांत नव्हते.

पण खरी अस्वस्थता दुसरीच होती, आणि ती त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. त्यांनी डॉक्टरांना शेताला बोलावलं होतं.

डोळ्यात औषध घालून घेताना मान मागं टाकलेल्या अवस्थेतच त्यांनी निमंत्रण दिलं होतं. "डॉक्टर, शुक्रवारी आमच्या कोपीला यायचं. न्हाय म्हणायचं न्हाय." त्यामागं साधा हिशेब होता. ज्यानं आपलं मीठ खाल्लं, त्याचा हात आपल्या डोळ्यावर थरथरत नाही. दिवसभर उपाशी ठेवलेला डॉक्टर कसा कापील, आणि आपली भज्जी-भाकरी खाऊन तृप्त झालेला कसा कापील! इतका सोपा विचार आपल्यालाच सुचला याचं त्यांना कौतुक वाटलं होतं.

शनिवारी डोळ्याचे एकूण सात पेशंट होते. हा विचार सातांनाही सुचला होता.

हे हणमंतप्पांना साडेबाराला कळलं. बांधापलीकडून उत्तरेश्वररावांनी हाळी दिली. "अप्पा! व्हय का अप्पा! डॉक्टर आले हुते का तिकडं?"

"न्हाय. का?"

"मग येत्याल. माझ्याकडनं आत्ताच गेले. तीन भाकऱ्या, दोन वाट्या भज्जी, खीर तर इचारू नगा. लई खूश. माझा डोळा आता लोण्यासारखा कापतेत बघा!"

मनगट थरथरलं.

"मामा, श्वास..."

"घेतोय की!" हणमंतप्पा ओरडले.

एकशे बहात्तर.

त्यानंतरचे तीन तास हणमंतप्पा खुर्चीवर होते, पण त्यांचं चित्त सगळ्या शिवारात फिरत होतं. श्रीशैलच्या मोबाइलवर बातम्या येत होत्या. डॉक्टर बेळंब शिवारात दिसले. डॉक्टरांना दैवशालाबाईंच्या कोपीत धरून ठेवलंय, तिचा उजवा डोळा आहे. डॉक्टर नको म्हणत होते, तर हातात उंडा देऊन सोडलं. शेतात पाहुणे येत-जात होते, जेवत होते, ढेकर देत होते, आणि हणमंतप्पा रस्त्याकडं बघत होते. रस्ता त्यांना दिसत नव्हता, फक्त धूळ दिसायची, आणि प्रत्येक धुळीत त्यांना डॉक्टरची पांढरी गाडी दिसायची. दोनदा ती म्हैस निघाली.

"मामा, तुम्ही आत्ता इथं नाही आहात," शिवांजली हळूच म्हणाली.

"व्हय," हणमंतप्पा म्हणाले. "म्या बेळंबला हाय."

*

साडेतीनला खरीच पांढरी गाडी आली. ती डांबरी रस्ता सोडून शेताकडं वळली, आणि मुख्य वाटेऐवजी गव्हाच्या कडेनं आली. रात्रीच पाणी दिलेलं काळं रान. वरून कोरडं दिसतं, आतून खिरीसारखं असतं. कोपीपासून पन्नास पावलांवर गाडी अर्ध्या चाकापर्यंत बसली.

श्रीशैलनं लिंबापलीकडं उभा असलेला ट्रॅक्टर काढला. दोर बांधला, गेअर टाकला आणि दाबला ऍक्सिलेटर. ट्रॅक्टरचं मागचं चाक जागच्या जागी गरगर फिरलं आणि चिखलाचे गोळे डॉक्टरच्या काचेवर गेले. पुन्हा दाबला. आता ट्रॅक्टरही रुतायला लागला.

हणमंतप्पांना दिसत काहीच नव्हतं. पण इंजिनाचा आवाज त्यांच्या कानातून थेट पोटात जात होता. तो आवाज रडत होता.

ते उठले.

"अप्पा, बसा! सगळं म..."

"खाली उतर," हणमंतप्पा म्हणाले.

त्या आवाजात चाळीस वर्षांपूर्वीचा एसटीचा ड्रायव्हर होता, जो पावसात ओढ्याला पाणी आलं की कंडक्टरला फक्त एकदा सांगायचा. श्रीशैल खाली उतरला. प्रेमाबाईंचा हात कपाळाला गेला. शिवांजली बीपीचं यंत्र घेऊन चार पावलं पळाली आणि थांबली, कारण चालत्या माणसाच्या दंडाला पट्टा लागत नाही.

हणमंतप्पा ट्रॅक्टरवर चढले. हातांना जागा माहीत होत्या. "तुरकाठ्या आण," ते म्हणाले, "चाकापुढं आडव्या टाक." दोर हातानं चाचपला, सैल केला, पुन्हा गाठ मारली. सर्वांत खालचा गेअर. मग त्यांनी डोळे मिटले. तसेही ते उघडे ठेवून काही फायदा नव्हता.

क्लच सोडताना पायाला जे कळतं ते कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. एक बोट, अर्धं बोट. दोर ताणला. मातीनं धरलेलं चाक किती चिडलंय हे आसनातून कळत होतं. घाई केली तर फिरेल. थांबलं तर बसेल. हणमंतप्पा दवाखान्यात नव्हते, बेळंबला नव्हते, शिवरात्रीत नव्हते. चिखलानं एक मोठा चुंबन घेतल्यासारखा आवाज केला आणि पांढरी गाडी कोरड्यावर आली, डॉक्टरांच्या पोटातली चमचाभर खीरही न सांडता.

घड्याळ थरथरलं नाही. शिवांजलीनं ते पाहिलं.

*

डॉक्टर महांतेश गाडीतून उतरले, म्हणजे गाडीला धरून उभे राहिले. चेहरा मुळ्याच्या रंगाचा. शर्टाचं एक बटण पोटानं स्वतःहून सोडलं होतं. हातात अजून तो उंडा होता. टाकायला त्यांना जागा सापडली नव्हती, कारण सगळीकडं कोणी ना कोणी बघत होतं.

"किती कोप्या झाल्या?" श्रीशैलनं विचारलं.

"नऊ," डॉक्टर म्हणाले. मग आठवून, "एकीत दोनदा. त्यांनी मला ओळखलं नाही."

ते कोपीत आले आणि बसले. प्रेमाबाईंनी ताट मांडलंच होतं. तीन भाकऱ्या, भज्जीची वाटी, खिरीवर तुपाचं तळं, शेंगाची पोळी. डॉक्टरांनी ताटाकडं पाहिलं आणि हात जोडले. "साकु, अप्पा. साकु." घाबरला की माणूस आपल्या बोलीवर येतो. पुरे म्हणत होते.

आता मुरुमात कानडी सगळ्यांनाच कळतं, पण येळवशीच्या दिवशी हा एक शब्द कोणाला कळत नाही. साकु म्हणजे अजून वाढा. पुरे म्हणजे लाजताय. नको म्हणजे आमची भज्जी चांगली नाही का. ही परंपराच आहे. आणि पाहुणा किती जेवला हे बघायला उत्तरेश्वरराव बांध ओलांडून आलेच होते. कमरेवर हात ठेवून ते कोपीच्या दारात उभे राहिले.

"माझ्याकडं तीन खाल्ल्या," त्यांनी आठवण करून दिली.

हणमंतप्पा डॉक्टरांसमोर बसले. त्यांना डॉक्टरचा चेहरा नीट दिसत नव्हता. पण कोपीच्या खांबावर टेकलेला डॉक्टरचा उजवा हात दिसत होता, कारण तो हलत होता. कडब्याची पानं त्याच्यासोबत बारीक सळसळत होती.

एका बाजूला घराणं होतं. डॉक्टर नऊ कोप्यांत जेवले आणि हणमंतप्पांच्या कोपीत उपाशी राहिले, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत मुरुमात, उद्यापर्यंत उमरग्यात आणि परवापर्यंत सोलापूरच्या नातेवाइकांत जाणार होती. दुसऱ्या बाजूला तो हात होता. उद्या सकाळी दहा वाजता तो हात सुई घेऊन त्यांच्या डोळ्यावर यायचा होता. हणमंतप्पांना एकदम आपला सगळा हिशेब उलटा झालेला दिसला. मीठ खाल्लेला हात थरथरत नाही हे खरं. पण नऊ जणांचं मीठ खाल्लेला थरथरतो.

"अवो, पोळी वाढू का?" प्रेमाबाई म्हणाल्या.

"ताट उचल," हणमंतप्पा म्हणाले.

उत्तरेश्वरराव कमरेवरचे हात खाली घेऊन एक पाऊल पुढं आले, जणू काही ऐकायचं राहिलं असावं.

"उचल म्हणलो न्हवं का? डॉक्टर, आडवं व्हा. हितं. घोंगडी टाक रं श्रीशैल. वव्याचं गरम पाणी दे. आजून एक घास कुणी दिला तर म्या बघून घेतो."

"अप्पा," उत्तरेश्वरराव म्हणाले, "पाहुणा उपाशी?"

"तुमी नऊ जणांनी जेवू घातलं. म्या झोपू घालतो. कुणी तरी घालाया पायजे का न्हाय?"

डॉक्टर महांतेश पाच पांडवांच्या शेजारी सहावे म्हणून आडवे झाले आणि दोन मिनिटांत घोरू लागले. त्यांचा फोन वाजला. हणमंतप्पांनी उचलला. पलीकडून एक पेशंट विचारत होता, डॉक्टर कुठं अडकलेत, आमची खीर गार होतेय.

"आपरेशन चालू हाय," हणमंतप्पा म्हणाले आणि फोन ठेवला. तासाभरात असे तीन फोन आले. त्यांनी तिन्ही आपरेशनं यशस्वी केली.

त्या तासभरात त्यांना कोणी बसा म्हणालं नाही. त्यांनी कोपीची डावी पेंढी सरळ केली, डॉक्टरच्या नाकावरची माशी हाकलली, आंबिलीचं फुटकं खापर बायकोपुढं धरून "हे बी मस्तच का?" असं विचारलं, आणि पहिल्यांदाच प्रेमाबाई खरं बोलल्या. "तुमच्या पोटात पाणी होईल म्हणून सांगितलं न्हाय."

"पायात झालं की."

त्या पदर तोंडाला लावून हसल्या. सकाळपासून शेतात हसलेलं ते पहिलं माणूस.

साडेपाचला डॉक्टर उठले तेव्हा चेहऱ्यावर रंग आला होता. सवयीनं त्यांनी पट्टा मागवला आणि हणमंतप्पांच्या दंडाला बांधला. एकशे छत्तीस.

"गोळी कुठली घेतली?"

"गोळी न्हाय. तुमाला वढलं, अन् तुमी झोपला ते बघत बसलो."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहिलं नाही.

*

शनिवारी दवाखान्याच्या बाकावर सात पेशंट, कपाळावर कुठला डोळा ते दाखवणारी पट्टी चिकटवलेले, रांगेनं बसले होते. डॉक्टर दहाला आले, हात स्थिर, पण चालणं जरा जपून. त्यांना पाहताच बाकावर कुजबुज सुरू झाली. डॉक्टर आजारी पडले ते कोणाच्या भज्जीनं? दैवशालाबाई म्हणाल्या, माझ्यात तेल कमी असतं. कोणी म्हणालं, ज्यांनी चिंच जास्त घातली त्यांनी बोलू नये. ज्यांच्याकडं डॉक्टर पोचलेच नव्हते ते दोघं सर्वांत जास्त चिडले होते. पाच मिनिटांत सातपैकी चौघांचा आकडा दीडशेच्या वर गेला. उत्तरेश्वररावांचा एकशे अठ्ठ्याहत्तर. डॉक्टर आपल्याकडं फक्त जेवले आणि हणमंतप्पांकडं झोपले, हे त्यांना रात्रभर पचलं नव्हतं.

हणमंतप्पांचा होता एकशे चाळीस. पाऊण तासात त्यांचा डोळा झाला.

पट्टी बांधून बाहेर आले तर उत्तरेश्वररावांना दोन मुलं आणि एक सून मिळून शांत करत होती. त्यांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता.

"सोडा त्येला," हणमंतप्पा म्हणाले. "त्येच्या हाताला कायतरी द्या."

सुनेनं पिशवीतला ओल्या हरभऱ्याचा डहाळा दिला. उत्तरेश्वररावांनी आधी तो सुनेच्या अंगावर टाकावा असा विचार केला, पण मग सवयीनं एक घाटा सोलला. मग दुसरा. अर्ध्या तासानं पदरभर दाणे झाले होते आणि आकडा एकशे अठ्ठेचाळीस होता. आत जाताना ते हणमंतप्पांच्या कानाशी वाकले. "झोपले ते झोपले, पण तुझ्याकडं जेवले न्हाईत ही गोष्ट राहतीच."

"राहू दे," हणमंतप्पा म्हणाले. त्यांना वाईट वाटलं, पण मोजण्याइतकं नाही.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. हणमंतप्पा घरी येऊन ओसरीत बसले. समोरच्या घराची कौलं मोजली. बायकोच्या केसांतला पांढरा रंग मोजला नाही, फक्त पाहिला. शिवांजली परत पुण्याला जायला बॅग भरत होती. श्रीशैल खिसा चाचपत इकडून तिकडं जात होता, कारण किल्लीची गोष्ट कोणीच काढली नव्हती.

तेवढ्यात मनगट थरथरलं.

"अप्पा, श्वास घ्या, शांत बसा," श्रीशैल आपोआप म्हणाला.

हणमंतप्पांनी बाही वर केली. त्या काळ्या काचेत पहिल्यांदाच धुकं नव्हतं, अक्षरं होती, शिवांजलीनं हौसेनं मराठीत करून दिलेली. त्यांनी ती हात लांब धरून मोठ्यानं वाचली.

"बराच वेळ तुम्ही एका जागी बसून आहात. उठा, थोडं फिरून या."

शिवांजली बॅगेची चेन तशीच अर्धी धरून उभी राहिली. तिनं पुढं येऊन घड्याळ पाहिलं, मागच्या दहा दिवसांच्या सूचना बोटानं वर-वर सरकवल्या, आणि हळूच म्हणाली, "येळवशीला हेच अकरा वेळा आलंय, मामा."

हणमंतप्पा उठले. चपला घातल्या; त्यांना अजून आंबिलीचा वास येत होता. मुलापुढं हात पसरला.

"आण किल्ली. म्या म्हणत न्हाय, घड्याळ म्हणतंय."